कॅड आज्ञावलीतील शॉर्टकट कळा व माऊस बटणांचे सानुकूलन

संगणकाच्या साहाय्याने आरेखन करणाऱ्या, म्हणजेच कॅड प्रकारच्या आज्ञावलीत कोणती कळ दाबली असता कोणती आज्ञा चालावी आणि माऊसच्या कोणत्या बटणाने काय घडावे, हे वापरणाऱ्याने आपल्या सोयीनुसार ठरवून घेणे यास शॉर्टकट कळा व माऊस बटणांचे सानुकूलन असे म्हणतात. ऑटोकॅड, सॉलिडवर्क्स, रेव्हिट, फ्रीकॅड इत्यादी प्रचलित आज्ञावल्यांत याची सोय असते. मात्र प्रत्येकीची पद्धत निराळी आहे.

इमारतीच्या साध्या नकाशातही रेषा काढणे, सरकवणे, प्रत घेणे, छाटणे या त्याच त्या आज्ञा शेकडो वेळा द्याव्या लागतात. सानुकूलनामुळे काम लवकर होते असे सांगितले जाते आणि ते खरेच आहे. परंतु त्याहून मोठा लाभ असा, की आज्ञा शोधण्यासाठी नजर आरेखनावरून हलत नाही. ज्या बिंदूवर लक्ष आहे तेथेच ते टिकते, आणि मापांतील चुका बहुधा लक्ष विचलित झाल्यावरच होतात. महाराष्ट्रात औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील आरेखक अभ्यासक्रमापासून रत्नागिरी जिल्ह्यातील वेळणेश्वरसारख्या किनाऱ्यावरील गावातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयापर्यंत कॅड शिकवले जाते. तेथे हा विषय स्वतंत्र धडा म्हणून क्वचितच येतो. विद्यार्थी तो एकमेकांचे पाहून उचलतात.

पूर्वपीठिका

दोन्ही हातांत काम वाटून घेण्याची कल्पना कॅडइतकीच जुनी आहे. आयव्हन सदरलँड यांनी १९६३ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविज्ञान संस्थेत सादर केलेल्या ‘स्केचपॅड’ या आज्ञावलीत एका हातात प्रकाशलेखणी असे व दुसऱ्या हाताखाली बटणांची पेटी असे. पडद्यावरील जागा लेखणीने दाखवायची आणि तेथे काय करायचे ते बटणाने सांगायचे, अशी ती वाटणी होती. डग्लस एंगलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे माऊसचे जाहीर प्रात्यक्षिक दाखवले, तेव्हाही त्यांच्या उजव्या हाताखाली माऊस होता आणि डाव्या हाताखाली पाच कळांचा छोटा संच. ‘कुठे’ हे एका हाताने आणि ‘काय’ हे दुसऱ्या हाताने, हे तत्त्व आजही बदललेले नाही. सानुकूलनाचे बहुतेक प्रश्न त्याच्याशीच येऊन ठेपतात.

१९८२ मध्ये आलेल्या ऑटोकॅडमध्ये आज्ञा टंकून देण्याची पद्धत होती. पुढे व्यावसायिक आरेखक डिजिटायझर नावाची सपाट पाटी वापरू लागले. तिच्यावर चौकटी आखलेला तक्ता असे आणि चौकटीवर टेकवले की आज्ञा चाले. या पाटीवर फिरवायच्या साधनाला बारा, कधी सोळा बटणे असत व प्रत्येक बटणाचे काम मेनू फाइलमध्ये लिहून ठरवता येई. बटणांना कामे नेमून देण्याची प्रथा तेथून आली. चाकाचा माऊस १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात रुळला आणि पाटी हळूहळू मागे पडली. ऑटोकॅड २००६ पासून मेनू फाइल हाताने लिहिण्याऐवजी सानुकूलनासाठी स्वतंत्र खिडकी मिळाली. ती ‘सीयूआय’ या आज्ञेने उघडते.

लघुनामे आणि शॉर्टकट कळा

या दोन गोष्टी सर्रास एक समजल्या जातात, पण त्या भिन्न आहेत. लघुनाम म्हणजे आज्ञेचे आखूड नाव. ‘लाइन’ऐवजी नुसते ‘एल’ अक्षर टंकून स्पेस किंवा एंटर दाबायचे. शॉर्टकट कळ दाबताक्षणी परिणाम होतो, तेथे एंटरची गरज नसते. एफ-८ दाबले की रेषा आडवी-उभी बांधली जाते, एफ-३ ने अचूक बिंदू पकडण्याची सोय सुरू वा बंद होते.

ऑटोकॅडची लघुनामे ‘पीजीपी’ प्रकारच्या एका साध्या मजकूर फाइलीत असतात. प्रत्येक ओळीत आधी लघुनाम, मग स्वल्पविराम, मग तारांकन व त्याला जोडून पूर्ण आज्ञा असा क्रम असतो. ओळीच्या आरंभी अर्धविराम असेल तर ती ओळ केवळ टीप मानली जाते. फाइलीच्या शेवटी वापरकर्त्याच्या स्वतःच्या लघुनामांसाठी जागा राखलेली आहे. एकच लघुनाम दोनदा आले तर नंतरचे ग्राह्य धरले जाते, त्यामुळे मूळ यादीला हात न लावता शेवटी भर घालणे इष्ट. फाइल जतन केल्यावर ‘रीइनिट’ ही आज्ञा दिली की आज्ञावली बंद न करता बदल लागू होतो. लघुनाम कसे बनवावे याचे निर्मात्यांचे नियमही त्याच फाइलीत नोंदलेले असतात: प्रथम आज्ञेचे पहिले अक्षर घ्यावे, ते अडले असेल तर पहिली दोन, नंतर तीन. लघुनामाने किमान दोन अक्षरांची बचत व्हावी असेही तेथे म्हटले आहे.

या नियमांत आज्ञेच्या नावाचा विचार आहे, हाताचा नाही. उजव्या हातात माऊस धरणाऱ्याचा डावा हात कळफलकाच्या डाव्या अर्ध्या भागावर असतो. त्याला ‘ई’, ‘एफ’, ‘सी’, ‘एक्स’ सहज पोचतात. पण सर्वाधिक लागणाऱ्या रेषा, सरकवणे व समांतर प्रत या आज्ञा ‘एल’, ‘एम’ व ‘ओ’ अशा उजव्या टोकाच्या कळांवर आहेत. त्यासाठी डावा हात उचलून पलीकडे न्यावा लागतो किंवा उजव्या हाताला माऊस सोडावा लागतो. डावखुऱ्यांची मात्र अनवधानाने सोय झाली आहे. उलट ‘आर’ हे हाताशी असलेले अक्षर पडदा पुन्हा रंगवण्याच्या ‘रीड्रॉ’ या आज्ञेला दिलेले आहे. आजच्या संगणकांवर ती फारशी लागत नाही. ‘आर’ काढून ते फिरवण्याच्या ‘रोटेट’ आज्ञेला देणे हा म्हणूनच आरंभ करण्याजोगा बदल आहे. ‘डब्ल्यू’, ‘व्ही’ आणि ‘डी’ यांचाही असाच पुनर्विचार करता येतो. वापरकर्त्याने आठवडाभर आपण कोणत्या आज्ञा वारंवार देतो ते टिपून ठेवावे आणि त्यांतील आठ-दहांनाच डाव्या बाजूची अक्षरे द्यावीत. पन्नास लघुनामे एकदम बदलणाऱ्याला त्यांतली निम्मी आठवत नाहीत.

स्पेस दांडी ऑटोकॅडमध्ये एंटरचे काम करते आणि आज्ञा संपल्यावर पुन्हा दाबली तर तीच आज्ञा नव्याने सुरू होते. डाव्या अंगठ्याला एवढे काम दिले तरी अर्धे सानुकूलन आयतेच साधते.

शॉर्टकट कळा सीयूआय खिडकीत नेमल्या जातात. तेथे आज्ञेऐवजी मॅक्रो, म्हणजे आज्ञांची साखळी, देता येते. मॅक्रोच्या आरंभी चालू आज्ञा रद्द करण्याचे चिन्ह दोनदा लिहिण्याचा प्रघात आहे, कारण काही आज्ञा एका रद्दीने पूर्ण सुटत नाहीत. आज्ञेपूर्वी अधोरेखा लिहिली तर ऑटोकॅडच्या अन्य भाषेतील आवृत्तीतही मॅक्रो चालतो. अर्धविराम म्हणजे एंटर, आणि उलटी तिरकी रेघ म्हणजे वापरकर्त्याच्या उत्तरासाठी थांबणे. म्हणजे लघुनामाच्या फाइलीत टीप दर्शवणारा अर्धविराम येथे वेगळाच अर्थ धारण करतो. नवशिक्याची येथे हमखास गल्लत होते.

एफ-१ कळीचा उल्लेख करणे भाग आहे. ती एस्केपला लागून असते. आज्ञा सोडण्यासाठी एस्केप दाबायला जावे आणि मदतीची खिडकी उघडून समोर उभी राहावी, हा अनुभव बहुतेक आरेखकांना येतो. उपाय सोपा आहे. फक्त रद्दीची दोन चिन्हे असलेली नवी आज्ञा तयार करून ती एफ-१ ला जोडावी, म्हणजे चुकून दाबली तरी ती एस्केपसारखीच वागते.

ऑटोकॅडमध्ये तात्पुरत्या कळांचाही एक गट आहे. रेषेचे टोक पकडायचे असता शिफ्टसह ‘ई’ दाबून धरले की तेवढ्यापुरती ती सोय चालू होते. हेच काम शिफ्टसह ‘पी’नेही होते. मध्यबिंदूसाठी ‘व्ही’ व ‘एम’, वर्तुळकेंद्रासाठी ‘सी’ व स्वल्पविराम अशा जोड्या आहेत. एक कळ डाव्या हातासाठी व तिचे प्रतिबिंब उजव्यासाठी. लघुनामांत न झालेला हाताचा विचार येथे झालेला दिसतो.

देवनागरी कळफलकाची अडचण

मराठीत काम करणाऱ्यांना या क्षेत्रात एक खास अडचण येते. आरेखनाच्या शीर्षकचौकटीत गावाचे नाव, मालकाचे नाव, खोल्यांची नावे मराठीत लिहायची असतात. त्यासाठी इनस्क्रिप्ट किंवा अन्य देवनागरी कळफलक चालू केला जातो. मजकूर लिहून झाला, कळफलक परत इंग्रजीवर आणायचे राहिले आणि रेषेसाठी ‘एल’ दाबले, की इनस्क्रिप्टमध्ये त्या कळीवर असलेले ‘त’ उमटते. वर्तुळाच्या ‘सी’ऐवजी ‘म’ येते, ‘एम’ऐवजी ‘स’. आज्ञावली ‘अज्ञात आज्ञा’ असा शेरा मारते. ज्याला कारण ठाऊक नाही तो लघुनामांची फाइल बिघडली असे समजून ती दुरुस्त करू लागतो, आणि येथे चांगली फाइल खरोखर बिघडते.

कारण असे, की लघुनाम अक्षरांवरून ओळखले जाते. कळीवरून उमटणारे अक्षर बदलले की ते निकामी होते. एफ-३, एफ-८, एस्केप, स्पेस यांच्यापासून अक्षर बनत नाही, म्हणून कळफलक कोणताही असो, त्या चालतात. एफ-८ चालते आणि ‘एल’ चालत नाही असे दिसले, तर दोष कळफलकाच्या निवडीतच आहे हे ओळखावे.

यावर दोन उपाय आहेत. विंडोजमध्ये प्रत्येक खिडकीसाठी स्वतंत्र कळफलक लक्षात ठेवण्याची निवड कळफलकाच्या प्रगत मांडणीत असते. ती चालू करून मराठी मजकूर आधी नोटपॅडमध्ये लिहावा व तेथून आरेखनात चिकटवावा. कॅडची खिडकी मग सतत इंग्रजीवर राहते. दुसरा उपाय म्हणजे वारंवार लागणाऱ्या आज्ञा माऊसच्या बटणांवर वा कंट्रोलसह चालणाऱ्या कळांवर ठेवणे. ज्या कार्यालयांत रोज मराठी नकाशे निघतात तेथे पहिला उपाय अधिक टिकतो. आरेखनातील मजकुरासाठी युनिकोड देवनागरी असलेला ट्रूटाइप टंक निवडणेही आवश्यक आहे. ऑटोकॅडच्या जुन्या ‘एसएचएक्स’ टंकांत देवनागरी अक्षरे नसल्याने त्यांजागी प्रश्नचिन्हे दिसतात.

माऊस बटणे

ऑटोकॅडमध्ये डावे बटण निवडीसाठी बांधलेले असून ते बदलता येत नाही. उजव्या बटणाचे वर्तन मात्र ठरवता येते. एक पद्धत अशी, की ते झटकन दाबून सोडले तर एंटर समजावे आणि दाबून धरले तर मेनू उघडावा. ही सीमा सुरुवातीस २५० मिलिसेकंद असते व ती कमी-जास्त करता येते. ज्यांना उजवे बटण म्हणजे मेनू ही सवय आहे त्यांना हा बदल पहिले दोन दिवस चमत्कारिक वाटतो. पुढे त्यावाचून काम नकोसे होते.

मधले चाक फिरवले की आरेखन मोठे-लहान होते, दाबून ओढले की सरकते, दोनदा दाबले की संपूर्ण आरेखन पडद्यात मावते. चाक दाबूनही आरेखन सरकत नसेल, तर ‘एमबटनपॅन’ या चलाचे मूल्य शून्य झालेले असण्याचा संभव असतो. ते १ केले की अडचण संपते. चाकाच्या एका खाचेला किती बदल व्हावा हे ‘झूमफॅक्टर’ ठरवतो. त्याचे मूल्य ३ ते १०० असू शकते व मुळात ते ६० असते.

चाकाची दिशा हा यंत्र अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांचा खरा डोकेदुखीचा विषय आहे. ऑटोकॅडमध्ये चाक पुढे ढकलले की चित्र जवळ येते, सॉलिडवर्क्समध्ये मूळ मांडणीत ते दूर जाते. सॉलिडवर्क्समध्ये चाक दाबून ओढल्यास वस्तू फिरते, ऑटोकॅडमध्ये सरकते. सकाळी एक व दुपारी दुसरी आज्ञावली वापरणाऱ्याचा हात दिवसभर चुकत राहतो. दिशा दोन्हींकडे बदलता येते. ऑटोकॅडमध्ये ‘झूमव्हील’ हे चल त्यासाठी आहे, सॉलिडवर्क्सच्या पर्यायांत चाकाची दिशा उलटवण्याची खूण आहे. यांपैकी कोणती तरी एकच बदलावी. दोन्ही बदलल्या की गोंधळ जसाच्या तसा राहतो.

सॉलिडवर्क्समध्ये उजवे बटण दाबून विशिष्ट दिशेला माऊस ओढल्यास आज्ञा चालते. या हालचालींना माऊस जेश्चर म्हणतात व त्यांवर कोणत्या आज्ञा असाव्यात ते वापरकर्ता ठरवतो. तसेच ‘एस’ कळीने कर्सरपाशीच छोटी साधनपट्टी उघडते. रेव्हिटची तऱ्हा निराळी आहे. तेथे भिंतीसाठी ‘डब्ल्यू-ए’, दारासाठी ‘डी-आर’ अशी दोन अक्षरे लागोपाठ दाबतात, एंटर लागत नाही, आणि ‘के-एस’ दाबले की यादी बदलण्याची खिडकी समोर येते.

अंगठ्याजवळ दोन जादा बटणे असलेले माऊस आता सहज मिळतात. त्यांना माऊसबरोबर येणाऱ्या आज्ञावलीतून एस्केप व डिलीट नेमणे ही साधी आणि उपयुक्त योजना आहे. मात्र असा बदल कॅड आज्ञावलीत होत नसून संगणकाच्या पातळीवर होतो. विशिष्ट आज्ञावलीपुरता तो मर्यादित केला नाही, तर पत्र लिहितानाही अंगठ्याच्या धक्क्याने मजकूर पुसला जातो.

ज्यांच्याकडे केवळ लॅपटॉप आहे त्यांची स्थिती अवघड असते. स्पर्शपट्टीवर दोन बोटांनी आरेखन मोठे-लहान करता येते, पण दाबून ओढण्याजोगे मधले बटण नसते. फ्रीकॅड या मुक्त आज्ञावलीने ही अडचण लक्षात घेतली आहे. तिच्यात हाताळणीच्या अनेक शैली दिलेल्या असून त्यांपैकी ‘टचपॅड’ शैलीत शिफ्ट धरून सरकवता येते व ऑल्ट धरून फिरवता येते. ऑटोकॅडवर मात्र स्पर्शपट्टीने काम रेटण्यापेक्षा चाकाचा साधा माऊस घेणे श्रेयस्कर, तो कोणत्याही सानुकूलनाहून अधिक उपयोगी पडतो.

सामायिक प्रयोगशाळेतील प्रश्न

वेळणेश्वर हे गुहागर तालुक्यातील गाव समुद्रकिनारा व शिवमंदिर यांसाठी परिचित आहे. ठाण्याच्या विद्या प्रसारक मंडळाचे महर्षी परशुराम अभियांत्रिकी महाविद्यालय येथे २०१२ पासून असून ते मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहे. या विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षी सर्व शाखांना अभियांत्रिकी आरेखन असते. एकीकडे ड्राफ्टर व पेन्सिल, दुसरीकडे संगणकावरील आरेखन, असे दोन्ही हात तेथे घडतात. ड्राफ्टर ज्याचा त्याचा असतो, प्रयोगशाळेतला संगणक सर्वांचा. कोणत्याही महाविद्यालयात, एकाच खात्याने अनेक तुकड्या संगणक वापरत असतील, तर सकाळच्या विद्यार्थ्याने ‘आर’ बदललेला असतो आणि दुपारच्याला पडदा का रंगत नाही ते कळत नाही. परीक्षेत अशी दहा मिनिटे गेली तर ती परत मिळत नाहीत.

यामुळे काही ठिकाणी सानुकूलनच वर्ज्य ठरवले जाते. हा उपाय रोगापेक्षा भारी आहे. विद्यार्थ्याने आपला हात ओळखण्याचे वय तेच असते आणि डावखुऱ्याला तर त्यावाचून चालतही नाही. ऑटोकॅडमध्ये याची योग्य तरतूद आहे. सर्वांसाठी असलेली सीयूआय फाइल ‘एंटरप्राइज’ म्हणून नेमली की ती खिडकीतून बदलता येत नाही. प्रत्येकाने स्वतःची छोटी पूरक फाइल बनवावी आणि बसल्यावर ‘सीयूआयलोड’ आज्ञेने जोडावी, उठताना काढावी. विंडोजमध्ये प्रत्येकाला निराळे खाते दिले तर बहुतेक प्रश्न उद्भवतच नाही, कारण लघुनामे व मांडणी खात्यागणिक वेगळी राहते. बिघडलेली मांडणी पूर्ववत करण्याची सोय विंडोजच्या प्रारंभ मेनूत ऑटोकॅडच्या गटातच असते. तिने वैयक्तिक बदलही पुसले जातात, म्हणून आधी प्रत घ्यावी.

नोकरीच्या निवड-चाचणीत उमेदवारापुढे बहुधा मूळ मांडणीचाच संगणक येतो. ज्याच्या बोटांना केवळ स्वतःची लघुनामे ठाऊक आहेत तो तेथे अडखळतो. यासाठी मूळ लघुनाम काढून टाकण्याऐवजी त्याच्या जोडीला नवे ठेवणे बरे. ऑटोकॅडच्या यादीतच प्रत घेण्याच्या आज्ञेला ‘सी-ओ’ व ‘सी-पी’ अशी दोन लघुनामे आहेत. तशी दुहेरी सोय कोणत्याही आज्ञेसाठी करता येते. ‘आर’सारखे बिनकामाचे अक्षर घेण्यास हरकत नाही, ‘ई’ किंवा ‘सी’ यांना मात्र धक्का लावू नये.

मांडणी सोबत नेणे

ऑटोकॅडची मांडणी तीन ठिकाणी विखुरलेली असते: लघुनामांची पीजीपी फाइल, कळा व बटणांची सीयूआयएक्स फाइल, आणि पर्यायांच्या खिडकीतून ‘प्रोफाइल’ निर्यात केल्यावर मिळणारी एआरजी फाइल. उजव्या बटणाचा कालावधी पहिल्या दोन फाइलींत नसतो, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. सॉलिडवर्क्समध्ये मांडणी जतन करणारे साधन सर्व काही एकाच फाइलीत बांधून देते. रेव्हिटची कळांची यादी एक्सएमएल स्वरूपात निर्यात होते. आज्ञावलीची नवी आवृत्ती बसवताना जुनी मांडणी पुढे आणण्याची विचारणा होते. तरीही या फाइलींची प्रत पेनड्राइव्हवर किंवा स्वतःच्या ईमेलमध्ये ठेवणे सोयीचे, आणि सोबत कागदावर लिहिलेली आठ-दहा लघुनामांची यादीही.